एक पावसाळा राहून बघतो

घर बघायला गेल्यावर माणसं छत बघतात, नळ सोडून बघतात, खिडकीतून काय दिसतं ते बघतात. काका भिंत चाटायचे.

मी वाढवून सांगत नाही. खोलीचा एक कोपरा निवडून ते नखाने रंगाचा पापुद्रा काढायचे, आतला चुना बोटावर घ्यायचे आणि बोट जिभेला लावायचे. मग तीर्थ घेतल्यासारखे डोळे मिटून क्षणभर उभे राहायचे. घरमालक माझ्याकडे बघायचा, मी खिडकीतून बाहेर बघायचो. "खारट हाय," नाहीतर "गोडं हाय," एवढाच निकाल मिळायचा. खारट म्हणजे त्या भिंतीत कधीतरी पुराचं पाणी मुरलेलं. गोडं म्हणजे पुढचं बघायला हरकत नाही.

महाडात खालच्या मजल्यावर घर घ्यायचं तर सावित्री नदीशी सोयरीक करावी लागते. पाणी येतं, दुकानाच्या फळ्या नेतं, फ्रीज आडवे करून जातं. ओसरलं की लोक चार दिवस चिखल काढतात, महिन्याभरात रंग लावतात आणि शिमग्यापर्यंत आमच्याकडे कधी पाणी आलंच नाही असं शपथेवर सांगायला लागतात. त्यात खोटेपणा असतो असं नाही. घर विकायला काढलं की माणसाला खरंच आठवत नाही.

काका आमच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. एमआयडीसीत रंगाची पावडर बनवणारी कंपनी होती आणि मी तिथे प्रयोगशाळेत होतो. मला ते 'बाटलीवाल्या' म्हणायचे. मूळचे उमरठचे. अंगाने काटकुळे, बारा महिने काखेत छत्री, खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर आणि एक काचेची गोटी. नवे हातमोजे मागितले तर जुने फाटलेले समोर ठेवावे लागायचे. ते प्रकाशात धरून भोक बघायचे आणि भोक बारीक असलं तर म्हणायचे, "हे अजून पंधरा दिवस जाईल." पावडर भोकातून हाताला लागायची ती लागायचीच.

एकोणीस वर्षं काका भाड्याने देण्यासाठी एक फ्लॅट शोधत होते. पैसे तयार होते, विचार पक्का होता, फक्त घर कधी घ्यायचं एवढंच ठरायचं होतं. राहायला का नाही घेत, असं कोणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "राहायचं घर उमरठला हाय की. हितं घ्यायचं ते पोटासाठी."

तोवर ते स्वतः भाड्याने राहायचे. पण एका घरात एकच वर्ष. मनात भरलेल्या इमारतीत आधी खोली भाड्याने घ्यायची, एक पावसाळा राहून बघायचं आणि मग तिथला फ्लॅट विकत घ्यायचा की नाही ते ठरवायचं, अशी त्यांची पद्धत. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा टेम्पो निघायचा. टेम्पोत पुढे काका, मागे पोत्यांत बांधलेली भांडी आणि त्या पोत्यांवर हात ठेवून बसलेल्या काकू. लोक भाड्याने देण्यासाठी घर विकत घेतात. काका विकत घ्यायचं की नाही हे ठरवण्यासाठी भाड्याने राहायचे. आणि एक पावसाळा राहिल्यावर विकत घ्यावंसं वाटेल असं घर महाडात अजून कोणी बांधलेलं नव्हतं.

मी त्यांच्या नादी लागलो त्याला कारण होतं. माझी छाती बिघडली होती. रात्रपाळी करून आलो की रुमालावर निळं पडायचं, दुसऱ्या दिवशी लाल, कारखान्यात जो रंग चालू असेल तो. डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले, "औषध मी देतो, पण रोज तिथे जाऊन तुम्ही ते फुकट घालवता." पोलादपूरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायकाची जागा मिळण्यासारखी होती. पगार मात्र निम्मा. बायको शिलाईकाम करायची, मुलगी चौथीत. निम्म्या पगारावर घर चालणार नव्हतं. वडिलांनी वरंधच्या रस्त्यालगतची जागा विकली आणि माझा वाटा माझ्या हातात ठेवला. मी ठरवलं, यातून एक फ्लॅट घ्यायचा, तो भाड्याने द्यायचा आणि त्या भाड्याच्या जोरावर पावडरीतून बाहेर पडायचं. घर चुकलं तर वडिलांची जागाही गेली आणि छातीही गेली. म्हणून मला जाणकार माणूस हवा होता, आणि महाडात काकांएवढी घरं बघितलेला दुसरा माणूस नव्हता. बघितलेली घरं आणि घेतलेली घरं यात फरक असतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिल्याच घरात त्यांनी मला वाचवलं, हेही सांगितलं पाहिजे. बाजारपेठेमागचा तळमजला होता, नवा पिस्ता रंग, मालकाने चहाबरोबर खारी बिस्किटं ठेवलेली. काकांनी भिंत चाटली. गोड निघाली. मालकाचा चेहरा खुलला. "भिंत नवीन प्लास्टर केलीस वाटतं," असं म्हणत काकांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि कोणाला न विचारता दाराजवळच्या स्विचबोर्डाचं झाकण उघडलं. आतून चहाच्या रंगाचा मऊसूत गाळ भुरभुर खाली पडला. काकांनी तो तळहातावर घेतला आणि मालकापुढे धरला. "हा काय मग, अबीर?"

बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "भिंतीला सगळे रंग लावतात रे. बोर्डाच्या आत कोण झाडू मारतो?" त्या दिवसापासून मी त्यांचा भक्त झालो. तिथेच माझं चुकलं.

कारण दुसऱ्या घरापासून त्यांचा खरा नियम सुरू झाला. घर चार वेळा बघायचं. मे महिन्यात, जुलैत, गणपतीत आणि शिमग्यात. मे महिन्यात विहीर आणि बोअर किती आटते ते कळतं. जुलैत गळतं कुठे ते कळतं. गणपतीत मुंबईकर येऊन इमारत भरली की पंप पुरतो का आणि गाड्या कुठे लागतात ते कळतं. शिमग्यात शेजारी दारू पिऊन कोणाच्या नावाने बोंब मारतात ते कळतं. "एकाच वेळी बघितलेलं घर म्हणजे पावच बघितलेलं," काका म्हणायचे. पटण्यासारखं होतं. अडचण एवढीच की चौथ्यांदा बघायला जाईपर्यंत त्या घराला दुसऱ्याच माणसाचे पडदे लागलेले असायचे. मग काका खालूनच ते पडदे बघत समाधानाने म्हणायचे, "फसला बिचारा."

अशी दोन वर्षं गेली. पाच घरं गेली. त्यातलं एक तर दुसऱ्या मजल्यावरचं, हवेशीर, शेजारी शाळामास्तर, सगळं जुळलेलं. मे आणि जुलै पास झाले, गणपतीला जायचं ठरलं आणि गोकुळाष्टमीला ते विकलं गेलं. माझा खोकला तोवर इतका ओळखीचा झाला होता की मी जिना चढताना मुलगी वरून दार उघडून ठेवायची. एके दिवशी बायकोने मशीन थांबवून माझ्याकडे बघितलं. "अहो, काका चांगले आहेत. पण त्यांना घर घ्यायचंच नाही, बघायचं आहे. तुम्हाला काय करायचंय ते तुम्ही ठरवा. शाळा दोन वर्षं थांबली, आता जूनपर्यंतच थांबणार आहे." एवढं बोलून तिने पुन्हा मशीन चालू केलं.

त्याच वर्षी मे महिन्यात तुडीलच्या एका चाचांचा फ्लॅट विकायला निघाला. चाचांनी उभं आयुष्य कुवेतला ट्रेलर चालवण्यात घालवलं होतं आणि आता त्यांचा मुलगा त्यांना कायमचं तिकडे घेऊन चालला होता. दुसरा मजला, दोन खोल्या. भाडेकरू खराब करतील म्हणून फ्लॅट चौदा वर्षं बंद ठेवलेला. फरशीवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढलेला नव्हता. मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, "चाचा, पावसाळ्यात एकदा बघतो आणि मग सांगतो." चाचा चावीच्या जुडग्याशी खेळत म्हणाले, "बेटा, स्वतःचं घर बंद ठेवून मी तिकडे आठ माणसांत एका खोलीत ऱ्हायलो. दर साली वाटायचं, पुढच्या साली ठरवू. बघ, दाढी पांढरी झाली. तुला घ्यायचा तर घे, नाय तर दुसऱ्याला घेऊ दे, पण बघत ऱ्हावू नको." मी बायकोला फोन केला. ती म्हणाली, "भिंत चाटू नका. घ्या."

कागद झाले आणि मी पेढे घेऊन स्टोअरमध्ये गेलो. काकांनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. "मे महिन्यात घर घेतलंस?"

"हो काका."

"एकदाच बघून?"

"दोनदा. दुसऱ्यांदा बायको होती."

त्यांनी पेढा उलटा करून खालून बघितला. मग पेढा परत खोक्यात ठेवला आणि म्हणाले, "मे महिन्यात नदी पण गरीब दिसते रे." त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. माझ्या मागणीच्या चिठ्ठ्या गठ्ठ्याच्या तळाशी जायला लागल्या. मला राग आला, वाईटही वाटलं. पण महिन्याची नोटीस कागद झाले त्याच दिवशी दिली होती, शाळा पंधरा जूनला सुरू होणार होती आणि आता फक्त एक भाडेकरू पाहिजे होता.

तो मिळायला काहीच अडचण नव्हती. एमआयडीसीत रोज कुठून कुठून माणसं येतात आणि खोल्या शोधत फिरतात. पहिलं जोडपं लातूरकडचं आलं, कडेवर तान्हं बाळ. माणसं सालस होती. खोल्या आवडल्या. ओट्यावरून हात फिरवत त्या बाईने विचारलं, "पाणी येतं का हो?"

या प्रश्नासाठी मी दोन वर्षं अभ्यास केला होता. छातीवर हात ठेवून सांगितलं, "अजिबात नाही."

नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं. "कधीच नाही?" त्याने विचारलं.

"इमारत बांधल्यापासून एकदाही नाही. खाली दुकानात येतं, पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत एकदा आलं होतं. पण वर येणं शक्यच नाही. लेखी देतो."

"मग खालून वर आणावं लागत असेल," बाई बाळाला सावरत म्हणाली.

"छे, तेव्हा खालचेच सगळे सामान घेऊन वर येतात," मी हसत म्हणालो. "तुम्ही निवांत राहा."

कळवतो म्हणून ते गेले. त्यानंतर जालन्याकडची दोन पोरं आली, त्यांनीही तेच विचारलं, त्यांनाही मी तेच ठासून सांगितलं आणि तीही कळवतो म्हणून गेली. मला वाटलं, बाहेरच्या माणसांनी पुराची फार धास्ती घेतली आहे. तेव्हा आता आडपडदा नको. मी पुठ्ठ्याचा बोर्ड केला आणि कंपनीच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर टांगला. अक्षर माझं बरं आहे. 'भाड्याने देणे आहे. दोन खोल्या, दुसरा मजला, हवेशीर.' आणि खाली लाल रंगात, दोनदा अधोरेखित करून, 'पाणी येत नाही.'

दहा दिवसांत एकही माणूस आला नाही. अकराव्या दिवशी काका प्रयोगशाळेत आले. इतक्या वर्षांत ते स्टोअर सोडून कधी वर आले नव्हते. काखेत छत्रीच्या जागी माझा बोर्ड होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, शेजारच्या स्टुलावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसत होते आणि परत वाचून परत हसत होते.

"अरे बाटलीवाल्या, लातूरच्या माणसाला तू सांगतोस पाणी येत नाय?"

"नाहीच येत. दुसरा मजला आहे."

"ती माणसं नळाचं विचारतात रे. त्यांच्यात पाणी येतं का म्हणजे नळाला येतं का. घरात यायचं भ्या फक्त आपल्याला."

मला उमगायला थोडा वेळ लागला. मग त्या बाईचं 'खालून वर' आठवलं आणि मी खुर्चीत बसलो. हसू आलं नाही, खोकला आला. तो लवकर थांबेना. तोंडावरून रुमाल काढला तेव्हा काकांनी तो बघितला. त्या आठवड्यात जांभळा रंग चालू होता. काकांचं हसणं गेलं.

"राजीनामा दिलास ना?"

"दिला. आता पंधराला शाळा. जूनमध्ये कोण घर बदलतंय काका. सगळ्यांनी खोल्या घेऊन झाल्या. घर रिकामं राहिलं तर साहेबांच्या पाया पडून इथेच परत यायचं."

काकांनी बोर्ड उचलून उलटा ठेवला. "चावी आण," ते म्हणाले.

संध्याकाळी आम्ही गेलो. मला वाटलं, माझी कीव येऊन तरी ते आज हात आखडता घेतील. कसलं काय. त्यांनी बाहेरच्या तिन्ही भिंती चाटल्या. चारही स्विचबोर्ड उघडले. गोटी फरशीवर सोडली, ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली तिच्या मागे मागे ओणवे होऊन गेले. संडासात आतून कडी लावून पाच मिनिटं वरची भांडणं ऐकत बसले आणि बाहेर येऊन सांगितलं की वरच्या मजल्यावरच्या जावयाची नोकरी गेलेली दिसते. मग खिडकीत उभे राहून बोटांवर मोजत दोष सांगितले. उतार उलटा. उत्तरेची भिंत जुलैत रडणार. मोरीचा पाइप बारीक. जिना अंधारा. गॅलरीवर पत्रा नाही. ओटा बायकांच्या उंचीचा नाही. वर जावई.

"म्हणजे तुम्ही घेतलं नसतंत," मी म्हणालो.

"छे. मी कशाला घेतोय." त्यांनी गोटी पुसून खिशात टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक पावसाळा राहून बघतो."

त्या वर्षासाठी त्यांनी नदीपलीकडे एक घर आधीच ठरवलं होतं, हे मला नंतर काकूंकडून कळलं. नेहमीपेक्षा आठवडाभर उशिरा, चौदा जूनला त्यांचा टेम्पो माझ्या फ्लॅटखाली लागला आणि पंधराला मी पोलादपूरच्या शाळेत मुलांना परीक्षानळी कशी धरायची ते दाखवत होतो. मी त्यांचे आभार मानायला गेलो तर काका म्हणाले, "आभार कसले? घर खराब हाय म्हणून राहतोय. चांगलं असतं तं भाडेकरू मिळाला असता."

भाडेकरू म्हणून ते छळवादी होते. दर रविवारी सकाळी मोबाइलवर त्यांचा बोललेला अहवाल यायचा. "उत्तरेची भिंत, खालून वीत दोन बोटं ओल. मोरी तुंबली, काढली. जावयाला नोकरी लागली, दुपारी शांतता." पूर आला त्या दिवशी खालच्या दुकानदाराचं सगळं कुटुंब त्यांच्याकडे वर होतं. मी घाबरून फोन केला तर म्हणाले, "तू मधे बोलू नको, मी पायऱ्या मोजतोय." ऑगस्टात मी भिंतीचं काम करून घेतलं, गणपतीआधी पाइप बदलला. सहामाहीपर्यंत माझा खोकला निम्म्यावर आला आणि दिवाळीत मी बेसनाचा अख्खा लाडू न खोकता खाल्ला. बायको समोर बसून बघत होती. ती रडली, मीही रडलो, मुलीला वाटलं लाडू बिघडला.

वर्ष झालं. जून लागला. काकांचा फोन आला की टेम्पो सांगितला आहे, चावी घ्यायला ये. मी दुपारी गेलो. नवीन भाडेकरू मिळेपर्यंत आमचं निम्म्या पगारावर भागणार नव्हतं. खाली टेम्पो उभा होता. त्यात एक ट्रंक, एक वळकटी आणि छत्री उघडून काका. बाकी काही नाही. टेम्पोवाला स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता.

"वर जा," काका मला म्हणाले. "ही उठत नाय."

काकू स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज फारसा ऐकलेला नव्हता. तव्यावर भाकरी टाकून त्या म्हणाल्या, "ह्यांना जायचं तं जाऊं दे. बघू दे काय बघायचं ते. मी हितंच हाय. एकोणीस घरांची धुणी धुतली मी भाऊ. हितल्या पोरीबाळी मला आजी म्हणतात. माझ्यानं आता भांडी बांधवत नाय." मग हात पुसून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "तुम्ही मला काढणार नाय, असं लिहून द्या. ते अकरा महिन्यांचं नको."

मुलीच्या वहीचं पान पिशवीत होतं, त्यावर मी लिहून दिलं. तुम्हाला हवं तितकी वर्षं राहा, कोणी उठवणार नाही. खाली सही केली. त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. त्यांनी घडी घालून ते तांदळाच्या डब्यात ठेवलं.

मागे वळलो तर दारात काका. छत्री गळत होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ट्रंक अजून टेम्पोतच होती.

"बाटलीवाल्या, वर्षभर बघितलं," ते म्हणाले. मग दोनदा खाकरले. स्टोअरमध्ये कोणाला नवीन हातमोजे द्यावे लागले की ते असे खाकरायचे. "घ्यायला हरकत नाय. विकतोस का?"

काकूंचा हात तव्यावर थांबला. एवढी घरं नापास केलेल्या माणसाने माझं घर पास केलं होतं, आणि ज्यांच्यामुळे मी पावडरीतून बाहेर पडलो त्यांना मला नाही म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर पैसे संपेपर्यंत बरं चाललं असतं आणि मग मी परत त्याच फाटकात उभा राहिलो असतो.

"नाही काका," मी म्हणालो. "या घरावर माझी शाळा चालते. तुम्ही राहा. विकणार नाही."

मला वाटलं, ते चिडतील, नाहीतर पुन्हा अबोला धरतील. पण त्यांचे खांदे एकदम सैल झाले. त्यांनी छत्री मिटली, गॅलरीतून वाकून टेम्पोवाल्याला ट्रंक वर आणायला सांगितलं आणि आत येऊन पाटावर बसले. काकूंनी गरम भाकरी त्यांच्या ताटात टाकली. पहिला घास मोडता मोडता ते मला हळूच म्हणाले, "नाय म्हणालास ते बरं केलंस. हो म्हणाला असतास तं मला घ्यावं लागलं असतं."